ह्यांच्या वरणातला लसूण

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. सख्ख्या बहिणीला नाही, लेकीला नाही. आणि मी काही तोंड शिवून बसणारी बाई नाही बरं का — चिकलठाण्यातल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार हे विचारायलासुद्धा बाया माझ्याकडं येतात. सगळ्यांचं सगळं मला ठाऊक असतं. माझं हे एवढं एक मात्र कुणालाच ठाऊक नाही.

आमच्या ह्यांनी माळ घातली त्याला बरीच वर्षं झाली. कंपनीत होते तेव्हा तंबाखूची पुडी खिशातून हलत नव्हती. मग एका महाराजांच्या हातून गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली आणि तंबाखू सुटली ती सुटलीच. मटण गेलं. मागोमाग कांदा-लसूणही गेला. मी खूश होते का? तंबाखूपुरती होते. पण मी गंगापूरकडची — माहेरी लसणाच्या ठेच्याबिगर भाकरीचा घास उतरायचा नाही. आता दोन माणसांसाठी दोन भाज्या कोण करत बसणार? घरातला लसूण बंद झाला, आणि मला तुझं काय म्हणून कुणी विचारलं नाही.

बरं, एवढं सोडूनही गालाच्या आतून गाठ आलीच. जुन्या तंबाखूचं असेल, डॉक्टर म्हणाले. शेक सुरू झाला, म्हणजे ते रेडिएशन, आणि सोबत केमो. तोंड आतून सोलून निघालं. जिभेची चव गेली. गोड काय, खारट काय, काहीच कळेना. नाकालाही धड वास येईना. एका दुपारी वरणाची वाटी हातात घेऊन ते मला म्हणाले, "मला आता काय कळत नाय. तू देशील ते मी खाणार. माझी माळ आता तुझ्या हातात हाय."

मी म्हणाले, मी हाय ना. तेव्हा ते खरं होतं, अगदी खरं.

मग रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी कमी आल्या आणि पुढचा केमो लांबला. मी घाबरले. मी! दवाखान्यात दुसऱ्यांच्या बायकांना धीर देत फिरणारी. त्याच सुमाराला शेजारणीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला — लसणानं प्रतिकारशक्ती वाढते, लसूण खाणाऱ्याला कॅन्सर होत नाही, असं बरंच. मी काही अडाणी नाही. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमना जाऊन विचारलं. त्यांनी नीट समजावलं. प्रयोगशाळेत लसणाचे काही गुण दिसतात म्हणे, पण माणसांच्या बाबतीत पक्कं असं काही हाती नाही. आणि झालेला कॅन्सर त्यानं बरा होतो, असं तर मुळीच नाही. स्वयंपाकातला लसूण पचत असेल तर खावा, औषध म्हणून मारा करू नये. आणि ह्या सोललेल्या तोंडात कच्चा तर नकोच.

मी ह्या सगळ्यातलं काय ऐकलं असेल? "स्वयंपाकातला खावा." तेवढंच ऐकलं.

ह्यांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून विचारलंच नाही.

ते झोपले की मी पाकळ्या ठेचायची, तुपात मऊ करायची, मुगाच्या वरणात घोटून टाकायची. वरून हिंगाची फोडणी, जरा जास्तच, न जाणो त्यांच्या नाकाला कळलं तर. रोज. ते दोन्ही हातांनी वाटी धरायचे, प्यायचे, आणि शेवटी माळेला हात लावून डोळे मिटायचे. मी समोर बसून बघायची. पुढच्या तपासणीत पेशी वाढल्या. त्यासाठी डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली होती, पण ते मी सोयीनं विसरले. आला की नाही गुण, असं मनातल्या मनात म्हणत राहिले.

आता इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बाई, जिवाच्या काळजीनं केलंस, त्यात काय एवढं? थांबा. अजून सांगायचं ते सांगितलंच नाही.

शेक संपला, केमो संपला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, गाठ गेली, उपचार लागू पडले. तेव्हा तरी मी थांबायचं ना? नाही थांबले. कारण ते वरण मीही खात होते — आणि ते मला गोड लागत होतं. इतक्या वर्षांनी माझ्या घरात माझ्या हातची चव परत आली होती. मजा येत होती मला. माझं न विचारता बंद केलंत ना, घ्या आता, हेही मनात होतं. औषध-बिषध मागंच संपलं होतं. त्यांची जीभ जरा जागी व्हायला लागली, कालवणात मीठ जास्त झालंय म्हणाले, त्या दिवशी मी लसूण बंद केला. पापाला भिऊन नाही, सापडेन म्हणून.

मध्यंतरी पाचोडला गेलो होतो. ह्यांचा पुतण्या — तोही माळकरी, त्यालाही तेच दुखणं, त्याचा शेक नुकताच सुरू झालेला. हे ओसरीवर चार माणसांत माझं कौतुक सांगत बसले. माझी जीभ मेली होती, पण हिनं माझी माळ राखली, म्हणाले. पुतण्याची बायको दारातून ऐकत होती. पोरीचा चेहरा उतरलेला. तिनं मला चुलीपाशी नेलं, पदर धरला आणि हळूच म्हणाली, "काकू, खरं सांगा. तुम्ही त्यांच्या जेवणात कधीच काय घातलं नाय का? मला लई भ्या वाटतंय."

तिथं आम्ही दोघीच होतो. ओसरीवर आवाज गेला नसता. ते भ्या काय असतं, हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मी म्हणाले, "नाय. एक पाकळीसुद्धा नाय."

ती वाकली, माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी पाय मागं घेतले नाहीत. डोक्यावर हात ठेवला आणि तोंड भरून आशीर्वाद दिला.