मोरीचं गणित करणाऱ्या ताई

साइटवर नवा सिमेंटचा पाइप उतरला की ताई पदर खोचायच्या, बांगड्या कोपराकडे सारायच्या आणि पाइपाच्या आतून तळवा फिरवायच्या. मग मला म्हणायच्या, "बघ, पाण्याला इथून अंग घासत जायचंय."

रस्त्याखालच्या मोऱ्यांचं गणित हे आमच्या लहानशा डिझाइन ऑफिसातलं त्यांचं काम. नकाशे गिरवायला म्हणून त्या नोकरीला लागल्या आणि इंजिनिअरांच्या वह्या बघत बघत गणित शिकल्या. मोरीतून घासत जाताना पाण्याचा जोर किती कमी होतो, त्यामुळे वरच्या अंगाला ते किती तुंबतं, हे त्या पेन्सिलीनं मांडायच्या. आम्ही तेच कॉम्प्युटरवर करायचो. "तुझ्या मशीनला माझा जयभीम सांग," म्हणत त्या पेन्सिलीला टोक काढायच्या. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल, ज्यांचं टेबल कोपऱ्यात असतं आणि ज्यांना विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

चितेगावकडच्या एका रस्त्याचं रुंदीकरण निघालं. जुनी पाइपाची मोरी तशीच ठेवून दोन्ही टोकांना पाइप वाढवायचे होते. गणित माझ्याकडे होतं. नकाशे मंजुरीला जायला दोन दिवस होते, तेव्हा ताई माझ्या टेबलाशी आल्या.

"लांबी किती धरलीस?"

"बारा मीटर."

"ती जुन्या रस्त्याची. आता चोवीस व्हईल ना? आन् पाइप आतून गुळगुळीत धरलास. इतक्या वर्षांनी तो नवा राहिलाय व्हय?"

मी गणिताची फाइल पुन्हा उघडली. ताई म्हणाल्या, "आधी बघून येऊ."

मोरी कोरडी होती. ताई वाकून आत शिरल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचा तळवा खरचटला होता. आतली खडी उघडी पडली होती. वरच्या अंगाला घरांची एक ओळ होती. एक बाई दारात भांडी घासत होती. ताईंनी तिला विचारलं, "पाणी कुठवर येतं वो इथं?"

"उंबऱ्याला लागतं. लई पाऊस झाला की लेकरं घेऊन शाळेत जातो आम्ही."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. आताच पाणी उंबऱ्याला लागत होतं. मोरी दुप्पट लांब झाली असती, तर ते घरात शिरलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी नवं गणित साहेबांपुढे ठेवलं. साहेबांचा आवाज चढला. "हे आत्ता सांगता? आधीचं कुणी केलं होतं?"

"माझ्या नजरेखालून गेलं होतं, साहेब. चुकलं माझं."

त्यांच्या नजरेखालून काहीही गेलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी टेबलाखाली माझा हात दाबला. बाहेर आल्यावर मला रडू आलं.

"रडू नको गं. माझे नोकरीचे दोन महिने राहिलेत. तुला अजून लई मोऱ्या करायच्यात."

त्यांच्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्या चुकीवर हलकासा विनोद केला. सगळे हसले. तेव्हा मात्र मी उभी राहिले आणि चूक कुणाची होती ते सांगून टाकलं. ताईंनी मान खाली घातली, पण त्यांचं हसू मला दिसलं.

जुना पाइप काढून तिथं दोन खणांची मोठी मोरी झाली. पुढच्या पावसाळ्यात चांगली झड लागून गेल्यावर मी मुद्दाम तिकडे गेले. ती बाई म्हणाली, "औंदा लेकरं घरीच झोपली, मॅडम."

तोवर ताईंना अर्धांगवायू झाला होता. मी छावणी भागातल्या त्यांच्या घरी गेले. त्या पलंगावर पडून होत्या, बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, बाईचं वाक्यही तिच्याच शब्दांत. त्यांचे ओठ हलू लागले. काहीतरी मोठं सांगायचं असेल असं वाटून मी कान जवळ नेला.

"चा... पिऊन जा."

त्यानंतर महिनाभरातच त्या गेल्या. पण त्या दुपारी त्यांच्या सूनबाई चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा मला वाळूजला साइटवर पोचायचं होतं, फोन वाजत होता. मी तो बंद केला, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसले.