बाबांच्या कांद्यांनी रिकामी केलेली बिल्डिंग

चूक बाबांची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ऐकता ऐकता तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायला लागाल आणि मग माझं डोकं फिरेल.

माझे बाबा जुन्नरकडचे. सगळी नोकरी डोंबिवलीत राहून केली, पण कांद्याचा विषय निघाला की माणूस लगेच बागायतदार होतो. दरवर्षी पावसाळ्याआधी कल्याणच्या मार्केटातून कांद्याच्या गोण्या आणायच्या आणि किचनच्या माळ्यावर टाकायच्या. गावाला ठीक आहे हो. तिथे जाळीच्या कांदाचाळीत ठेवतात, वारा लागतो. आमच्या माळ्यावर कुठला वारा? तिथे झुरळाला घाम फुटतो! त्यात या वेळी बाबांनी गोण्यांवर प्लास्टिक घातलं. का? तर धूळ बसू नये म्हणून!

मी तेव्हाच म्हटलेलं, "बाबा, सडतील."

"डिप्लोमा अर्धवट सोडणाऱ्याने मला कांदा शिकवू नये."

विषय संपला. आमच्या घरात सगळे विषय याच वाक्यावर संपतात. नळ गळतोय? डिप्लोमा. भाजीत मीठ कमी? डिप्लोमा.

सोडला डिप्लोमा, बरं मग? त्यानंतर एका इलेक्ट्रिशियनची बॅग उचलत फिरलो, वायरिंग शिकलो, प्लंबिंग शिकलो. बिल्डिंगमध्ये कुणाचा गीझर बसला, कुणाचा फ्लश अडला, की हाक मला. आमचे चेअरमन नाडकर्णी काका. बँकेतून रिटायर, शुद्ध बोलतात, शर्ट आत खोचून कचरा टाकायला जातात. त्यांनी मला शब्द दिलेला, "विक्रम, रविवारच्या मीटिंगमध्ये इमारतीच्या दुरुस्तीचं काम तुझ्याकडे सोपवण्याचा ठराव मांडतो." म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार! एक खोली भाड्याने घेतली असती, आणि रोज ताटासमोर बसून जे भाषण ऐकतो ते कायमचं बंद. त्या एका मीटिंगवर माझं सगळं लटकलेलं.

आणि त्याच रविवारी सकाळी किचनमध्ये वास आला.

तुम्हाला माहितीये कसला वास. कांदे सडतील हे सांगितलेलं मीच, आणि विसरलेलो पण मीच. पण खरं सांगा, गॅस लीक झाल्यावर जो वास येतो, तो आठवा. तोच! तसाच कुजका, नाकात चढणारा.

"गॅस!" मी ओरडलो. "कोणी काही पेटवायचं नाही, कुठलंही बटण दाबायचं नाही!"

बाबा शांतपणे देवघरातून काडेपेटी घेऊन आले. "थांब, काडी ओढून बघतो कुठून येतोय."

ऐकताय ना? काडी ओढून बघतो! आणि हा माणूस मला अर्धवट म्हणतो. मी काडेपेटी हिसकावली.

"मग उदबत्ती तरी लाव," बाबा म्हणाले. "वास मरेल."

"वास नाही बाबा, आपण मरू!"

मग मी जे केलं ते एकदम पद्धतशीर. रेग्युलेटर बंद करून काढला, सिलेंडरला टोपी लावली, सिलेंडर बाल्कनीत नेला, खिडक्या-दारं सताड उघडली. फॅन चालू होता तो तसाच ठेवला, कारण बटण बंद करताना पण ठिणगी पडते. काही विसरलो? नाही! कुठल्याही गॅसवाल्याला विचारा.

पण वास जाईना. आई माळ्याकडे बघत होती. "विक्या, मला वाटतं वरून येतोय रे."

"आई, गॅस हवेपेक्षा जड असतो. तो खाली बसतो. तू विज्ञानात पडू नकोस."

आणि मी गुडघ्यावर बसून लादी हुंगायला लागलो. डोक्यावर गोण्या, आणि मी कुत्र्यासारखा फरशीवर. चालू द्या.

वास आता जिन्यात पण येत होता. दार मीच उघडलेलं, मग येणारच! पण मला वाटलं, लीक आमच्याकडे नाही, दुसऱ्या कुणाकडे आहे. आता पूर्ण बिल्डिंगचा प्रश्न. वरपासून खालपर्यंत प्रत्येक दार हाताने ठोकलं. "गॅस लीक आहे! बेल दाबू नका, गॅस बंद करा, जिन्याने खाली चला!"

लोक निघाले. एक जण अर्ध्या गालाला साबण लावून. आमच्या समोरच्या म्हात्रे काकू पापलेटची पिशवी घेऊन. म्हणाल्या, "बिल्डिंग गेली तर गेली, मावरा कशाला ठेवू?"

सगळे गेटबाहेर गेल्यावर मी गॅसच्या इमर्जन्सीला फोन लावला. माणूस निघतोय म्हणाले. आणि मग मला वाटलं, अजून एक काम राहिलं. मीटर रूम जिन्याखाली, बाहेरच्या बाजूला, तिथे वास नव्हता. गेलो आणि पूर्ण बिल्डिंगचा मेन स्विच पाडला. खट्! आता ठिणगीचा विषयच नाही. काय डोकं, काय प्लॅनिंग! बाबा सोडून सगळे माझ्याकडे आदराने बघत होते. मीटिंग अकराला होती, पण मला वाटलं ठराव इथे रस्त्यावरच पास होणार.

तेवढ्यात वरून आवाज आला.

टर्रर्र. टर्रर्रर्र.

कुणीतरी बेल वाजवतंय! एवढं घसा फोडून सांगितलं, तरी! मी जिन्याच्या दाराशी जाऊन ओरडलो, "कोण आहे रे वर? बेल दाबू नका!"

टर्रर्रर्रर्र.

"बहिरे झालात काय? एक ठिणगी आणि सगळे वर जाल! हात काढा त्या बेलवरून!"

बेल थांबली. मग ठोकाठोकी. धाड, धाड, धाड.

"आता ठोकतोय! हे म्हातारे ना, मरतील पण ऐकणार नाहीत. खाली ये तू, हातच तोडतो तुझा!"

गेटवरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. म्हात्रे काकू म्हणाल्या, "बरा बोलला. अशीच भाषा लागते यांना." मला अजून चेव आला. त्या माणसाच्या अकलेवर, वयावर आणि खानदानावर जे जे सुचलं ते सगळं बोललो. सगळ्या सोसायटीसमोर. एकदम खणखणीत.

मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा आई जवळ आली. हळूच म्हणाली, "विक्या, लाईट तू बंद केलीस ना?"

"मग! पूर्ण बिल्डिंगची."

"मग बेल कशी वाजते रे?"

मी, वायरिंगवाला. मेन स्वतःच्या हाताने पाडलेला. लाईट नसताना एकच बेल वाजते, तिला स्वतःची बॅटरी असते, आणि ती असते लिफ्टमध्ये.

जिना चढत पळालो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे लिफ्ट लटकलेली. मी दाराच्या फटीला तोंड लावून विचारलं, "कोण आहे आत?"

"नाडकर्णी."

मीटिंगसाठी गच्चीवर बटाटेवडे ठेवून खाली परत येत होते. घराघरात मी दार ठोकलं, पण गच्चीवर कोण बघतो?

"काका, घाबरू नका. तुम्ही सेफ आहात."

"मी घाबरलेलो नाही. मला बाथरूमला जायचं आहे. वीज चालू कर."

आता बघा, इथे दुसऱ्या कोणी घाबरून मेन वर केला असता. मी नाही केला! वास आहे तोपर्यंत लाईट चालू करायची नाही, हा नियम आहे. चेअरमनसाठी वेगळा नियम नसतो.

"काका, गॅसवाला येऊन चेक करेपर्यंत नाही करता येणार."

आत काकांनी घसा साफ केला. मग, "विक्रम, मघाशी खालून माझे हात तोडण्याची भाषा कोण करत होतं?"

"बघतो काका," मी म्हटलं. "विचारतो खाली."

गॅसवाला आला. हातात वास पकडायचं मशीन. खालपासून वरपर्यंत प्रत्येक घरात फिरला, मशीन गप्प. शेवटी आमच्या किचनमध्ये येऊन उभा राहिला, तर त्याच्या खांद्यावर काहीतरी काळं टपकलं. त्याने वर बघितलं. मी वर बघितलं. बाबांनी बाल्कनीकडे बघितलं.

"कांदे आहेत का माळ्यावर?" तो म्हणाला. "पूर्ण पाणी झालंय त्यांचं. बाकी तुम्ही केलं ते बरोबर केलंत हं. वास आला की असंच करायचं. फक्त मेन पाडायच्या आधी लिफ्ट बघायची."

बाबा लगेच, "तेच मी याला सांगत होतो."

कधी? कुठल्या जन्मात?

मेन वर केला. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आणि नाडकर्णी काका कुणाकडेही न बघता जिन्याने धावत घरी गेले. शर्ट बाहेर आलेला. मी त्यांना पहिल्यांदाच तसं बघितलं.

मीटिंग उशिरा झाली, पण झाली. वडे गार झालेले, तरी सगळ्यांनी खाल्ले. काकांनी दुरुस्तीचा विषय काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मुलगा हुशार आहे. आज त्याने प्रत्येक गोष्ट नियमाने केली. मी स्वतः आत बसून ऐकत होतो. सगळं ऐकलं."

कोणी हसलं नाही. बाबा सोडून.

दुरुस्तीचं काम कळव्याच्या एका माणसाला दिलं. आमचं घर पाचव्या मजल्यावर, पण लिफ्टमध्ये काका भेटतील म्हणून मी जिन्याने ये-जा करतो.