दस्त्याचा तुकडा

महाल भागातल्या त्या बंदूकवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या दुकानात भर दुपारीही पेंगुळलेला उजेड असायचा, आणि तो झोपलेल्या लेकराशी बोलावं तसा हळू बोलायचा.

मुलगी नेमबाजी शिकायला लागली, तेव्हा तिच्यासाठी पहिली एअर रायफल घ्यायला आम्ही त्याच्याकडे गेलो. मी सगळ्यात लांब, जड रायफल निवडली. त्याने ती तिच्या हातात दिली.

"डोळे मीट वं बाई. नेम धर. आता उघड."

तिने डोळे उघडले, तर नळी जमिनीकडे झुकली होती.

"भाऊ, तुमच्यासाठी घेऊन राहिले का तिच्यासाठी?"

मी ओशाळलो. त्याने हलकी रायफल काढली, तिचा हात वितीने मोजला आणि खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता दोन बोटं कापला. तुकड्यावर पेन्सिलीने तिचं नाव लिहून तो फळीवर ठेवला. तिथे असे पुष्कळ तुकडे होते.

"वाढली की आणा तिले. जोडून देतो."

काही वर्षांनी गेलो. त्याने न विचारता तोच तुकडा काढला, फुंकर मारली, दस्त्याला लावून रायफल तिच्या खांद्याशी धरली आणि हसला.

"उशीर केला गा भाऊ. आता हा बी पुरत नाही."

मी वळून पाहिलं. मुलगी माझ्या कानापर्यंत आली होती.