मधल्या पाटाचं टोक

आमच्या गावात कुणी थाप मारली की त्याला विचारतात, "सुटलं का मधल्या पाटाचं पाणी?" हा टोमणा तुळशीरामभाऊंच्या वडिलांवरून पडलेला आहे. तुळशीरामभाऊ माझे शेजारी, त्यामुळे त्यांचा संताप रोज मलाच ऐकावा लागतो.

गावाला पूर्वी तीन पाट होते म्हणतात. थोरला अजून वाहतो, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन रांगतो. धाकट्यावर बसस्टँड झालं. मधला हयात असलेल्या कुणीच पाहिलेला नाही. तुळशीरामभाऊंचे वडील भगवानराव मात्र मरेपर्यंत सांगत, की मी मधल्याचा पाटकरी होतो, त्याचं पाणी मी सोडायचो. पुढे तुळशीरामभाऊंनी थोरल्यावर तीच नोकरी तीस वर्षं केली. रिटायर झाले तरी पाणी सोडताना वाजवायची शिट्टी गळ्यातच. चहा सांडला तर हा माणूस आधी तो कुठल्या बाजूला वाहतो ते बघणार, मग फडकं मागणार.

विमलबाईंशी, म्हणजे बायकोशी, त्यांचं भांडण एकच. स्वयंपाकघराची फरशी कायम ओली. तू पाणी सांडतेस, असं ते बावीस वर्षं म्हणत आले. त्या नाही म्हणत आणि पुसत.

यंदा नगरपंचायतीनं जुन्या पाटांचा नकाशा करायला घेतला. इंजिनिअर प्रसेनजितनं स्पष्ट सांगितलं, शुक्रवारपर्यंत मधल्याचा एक तरी दगड दाखवा, नाहीतर तो नकाशात येणार नाही. तुळशीरामभाऊंना जेवण जाईना. बापाचं बोलणं एकदा खरं ठरावं, एवढंच त्यांना हवं होतं.

शुक्रवारी त्यांनी देवळामागे टँकर रिकामा करवला. पाटकऱ्याची रीत अशी, की पाण्यावर कुटार, म्हणजे भुसा, टाकायचं आणि ते जाईल तिकडे आपण जायचं. शिट्टी वाजली. पुढे कुटार, मागे पँट दुमडलेले तुळशीरामभाऊ, त्यांच्यामागे इंजिनिअर, मग अर्धं गाव. उत्तमरावांच्या सलूनसमोर कुटार जरा रेंगाळलं, तेवढ्यात एक अर्धवट दाढीचं गिऱ्हाईकही आमच्यात आलं. मग पाणी आमच्या गल्लीत वळलं. माझं दार ओलांडून ते पुढे गेलं तेव्हा मला झालेला आनंद मी लपवला नाही.

ते तुळशीरामभाऊंच्या फाटकाखालून शिरलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबलं.

विमलबाई पोळ्या लाटत होत्या. दोन फरश्या उचलल्या, तर खाली चुन्यात बसवलेला घडीव दगडांचा पाट, आणि त्यात बोटभर पाणी. बावीस वर्षांपूर्वी घर बांधताना मिस्त्रीला इथे आयते दगड लागले होते. फुकटात पाया मिळाला म्हणून तुळशीरामभाऊंनी तेव्हा त्याला पेढे दिले होते.

ते तिथेच मांडी घालून बसले आणि पोरासारखे रडले.

"माह्या बापानं थापा नव्हत्या मारल्या," ते बायकोला म्हणाले.

"अन् म्या पाणी नव्हतं सांडलं," विमलबाई म्हणाल्या, आणि पोछा त्यांच्या हातात दिला.

नकाशात आता मधला पाट आहे, देवळापासून पाटकऱ्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत. रोज सकाळी सात वाजता आमच्या गल्लीत शिट्टी वाजते आणि तुळशीरामभाऊ फरशी पुसायला घेतात.