हरलेल्या सामन्यानंतरच्या माने काकू

"गळ्यात कशाला पडतोस मेल्या, पाय धर की."

माझ्या मागे कुणीतरी हे अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालं. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावाच्या कडेच्या मैदानावर बोचऱ्या वाऱ्यात उभी राहून मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा सामना बघत होते. आजूबाजूला सगळं डच चाललं होतं आणि मला ते निम्मंच कळत होतं. त्यात हे वाक्य आलं. मी वळून पाहिलं. लोकरीची टोपी कानांवर ओढलेली, पंजाबी ड्रेसवर जाड कोट आणि पायांत रबरी बूट घातलेली, पन्नाशी उलटलेली एक बाई कठड्याला रेलून उभी होती. माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "पुण्याची का मुंबईची?" मघाशी एक खेळाडू आपटला तेव्हा माझ्या तोंडून "आई गं" निघालं होतं, ते तिनं टिपलं होतं.

मी ठाणे म्हणाले आणि गप्प झाले. अनोळखी माणसांशी बोलताना माझं असंच होतं. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. पुढचा तासभर त्या मैदानाकडे बघत बोलत राहिल्या आणि निघताना म्हणाल्या, "मौनीबाबा, पुढच्या रविवारी या. आमचे हरणारच आहेत, पण बघण्यासारखे हरतात."

रग्बी म्हटलं की बहुतेकांना पंधरा जणांची रग्बी माहीत असते. ही तिचीच चुलत बहीण, तेरा जणांची, रग्बी लीग. चेंडू घेऊन पळणाऱ्याला सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्या संघाकडे जातो. एवढं कळलं की बघायला पुरतं. इथे हा खेळ खेळणारे क्लब मुळातच थोडे, आणि त्यांत आमचा सगळ्यांत गरीब. एक मैदान, कपडे बदलायला एक जुना कंटेनर, आणि एक कँटीन, तिच्या दाराला धक्का दिल्याशिवाय ते उघडायचं नाही.

काकूंचे यजमान आइंडहोवनच्या चिपच्या कंपनीत इंजिनिअर. बरीच वर्षं काकू इथे घरातच होत्या. एकदा मंडईतून येताना त्यांनी मैदानावर माणसं माणसांना पाडताना पाहिली आणि सायकल कठड्याला टेकवून त्या तिथेच थांबल्या. लग्नाआधी त्या सांगली जिल्ह्याकडून कबड्डी खेळायच्या, डाव्या कोपऱ्यावर. घोट्याची पकड ही त्यांची खासियत. "हा आपलाच खेळ आहे गं," त्या मला म्हणाल्या, "फक्त यांना दम धरावा लागत नाही आणि मध्ये एक चेंडू घुसडलाय." माझ्या शाळेत पीटीला बास्केटबॉल असायचा. कबड्डी मला काकूंनी समजावली, तीही रग्बीची उदाहरणं देऊन.

सामना हरला की काकूंचं खरं काम सुरू व्हायचं. खेळाडू चिखलात माखलेले, खाली मान घालून कंटेनरकडे जायचे. आम्ही चाहते म्हणजे मूठभर माणसं, कँटीनच्या दाराशी गोळा व्हायचो. मग कुणीतरी विचारायचं, "बरं, मेव्रॉव माने, आज काय?" (मेव्रॉव म्हणजे बाई) आणि काकू आपल्या मोडक्या, ठाम डचमध्ये एक कारण सांगायच्या. पुढच्या रविवारी परत यायचं एक कारण. एकच. "आज पाचव्या पकडीपर्यंत आपली रांग मोडली नाही. मागच्या वेळी तिसऱ्यालाच मोडली होती." किंवा, "त्यांचा तो दांडगा पहिल्या अर्ध्यात हसत होता. दुसऱ्या अर्ध्यात हसला का? मी बघत होते. नाही हसला." ऐकणारे माना डोलवायचे, कुणी बिअर उचलायचं, आणि मंडळी घरी जायची ती रडकी होऊन जायची नाहीत.

एकदा आम्ही फारच वाईट हरलो. क्लबचे अध्यक्ष योस्ट, ज्यांना काकू योस्टराव म्हणायच्या, स्वतः म्हणाले की आज काही सांगू नका. काकू म्हणाल्या, "आज खरंच काही दिसलं नाही." सगळ्यांना धक्काच बसला. परतताना मी म्हटलं, काहीतरी सांगून टाकायचं होतं की. काकू म्हणाल्या, "दिसल्याशिवाय मी बोलत नाही. उगाच बरं वाटावं म्हणून सांगितलं ना, की एकदाच बरं वाटतं. पुढच्या वेळी कुणी ऐकत नाही."

त्यांची एक फजिती सगळ्या क्लबला पाठ होती. सुरुवातीच्या काळात त्यांनी एका खेळाडूला, ज्याचं नाव त्यांनी भुऱ्या ठेवलं होतं, घोट्याची पकड शिकवली. कँटीनमध्ये टेबलं बाजूला सारून, माने काकांना चढाईला पाठवून, प्रात्यक्षिकासह. काकांची कंबर त्यानंतर आठवडाभर धरली होती म्हणे. पुढच्या सामन्यात भुऱ्यानं समोरच्याचा घोटा असा पकडला, की तो जागच्या जागी कोसळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण भुऱ्या सोडेचना. कबड्डीत धरलं की शिट्टी होईपर्यंत सोडत नाहीत. या खेळात माणूस खाली पडला की त्याला लगेच मोकळं करावं लागतं. पंच प्रत्येक पकडीला शिट्टी वाजवत राहिले, दंड देत राहिले, आणि काठावरून काकू त्याला हातांनी खुणावत राहिल्या, अजून घट्ट, अजून घट्ट. जिंकण्याजोगा सामना त्या दिवशी गेला.

तेव्हा कँटीनच्या दाराशी काकूंनी सांगितलेलं कारण असं होतं: "धरायचं मी शिकवलं. सोडायचं आता तुम्ही मला शिकवा. मग बघू." त्या दिवसापासून गुरुवारच्या सरावाला काकूंना रीतसर बोलावणं येऊ लागलं, पाय कसे धरायचे ते शिकवायला. बदल्यात पोरांनी काकूंना नियम शिकवले, आणि काकूंनी त्यांना कँटीनच्या फ्रिकंडेलवर, म्हणजे तळलेल्या सॉसेजवर, शेंगदाण्याची चटणी घालून खायला शिकवलं.

मग कोरोना आला. सामने थांबले, मग सराव थांबला. योस्टरावांनी फाटकाला साखळी घातली आणि मोठं कुलूप लावलं. उन्हाळ्यात जरा सैल झालं, हिवाळ्यात पुन्हा आवळलं. संध्याकाळनंतर बाहेर पडायचीच बंदी. रविवारी सामन्याच्या वेळेला काकू आणि मी मैदानाभोवती फिरायला जायचो, सायकलच्या वाटेच्या एका कडेला त्या, दुसऱ्या कडेला मी, आणि मधून घंटी वाजवत जाणारे सायकलवाले. त्या काळात माझं बोलणं आणखीच आटलं होतं. दिवसभर लॅपटॉपवर मी स्वतःला म्यूट करून बसायची. आठवड्यात मी मोठ्यानं बोलायची ती फक्त काकूंशीच.

चाहत्यांचे त्यांना फोन यायचे. एक म्हातारे गृहस्थ दर रविवारी विचारायचे, आज काय, मेव्रॉव माने? काकू त्यांच्या तब्येतीची चौकशी करायच्या, भाजी काय केली ते सांगायच्या, पण कारण सांगायच्या नाहीत. मला म्हणाल्या, "बघायलाच मिळत नाही, तर सांगू काय? आमचा जिल्ह्याचा संघ हरून नाही गं बंद पडला. हरत तर आम्ही सारख्याच होतो. एकेकीची लग्नं झाली, यायच्या थांबल्या, एक दिवस मैदानावर सातजणी उभ्या राहीनात. संपलं. इथे तसंच होणार असं मला वाटायला लागलंय, आणि ते मला कुणाला सांगायचं नाही."

दुसऱ्या वसंतात खेमेंटेचं, म्हणजे नगरपालिकेचं, कळवणं आलं. येत्या मोसमात पूर्ण संघ उतरवता येणार नसेल, तर मैदान जागेसाठी थांबलेल्या हॉकी क्लबला दिलं जाईल. योस्टरावांनी सभा बोलावली. बाहेरच, गाड्या लावायच्या जागेत, लांब लांब खुर्च्या मांडून. विषय एकच: क्लब चालू ठेवायचा की बंद करायचा.

काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगाच जिवाला घोर नको. क्लब अजून आहे. कँटीनचं दार अजून धक्का मारूनच उघडतं. आमचा संघ अजून बहुतेक वेळा हरतो. माने काका निवृत्त झाले तसे ते दोघं उइटहॉर्नला लेकीजवळ राहायला गेले. जायच्या दिवशी पोरांनी काकूंना उचलून मैदानाला फेरी मारून आणली आणि काकू वरून ओरडत होत्या की कमरेत धरू नका, पाय धरा. आता त्या नातीचे हॉकीचे सामने बघतात. नात त्यांच्या मराठीला डचमध्ये उत्तर देते, तरी सामना हरली की काठावर येऊन उभी राहते आणि आजीच्या तोंडाकडे बघते. फोनवर काकू मला म्हणाल्या, "हिच्या संघाला कारणं फार लागत नाहीत. जिंकतात मेल्या."

तर ती सभा.

योस्टराव उभे राहिले. गुडघ्याचं दुखणं जुनं, त्यामुळे एका पायावर भार. ते म्हणाले, वर्षभर कुणी चेंडूला हात लावलेला नाही, माणसं पांगली, ज्यांना खेळायचंच आहे त्यांनी शहरातल्या मोठ्या, पंधरा जणांच्या क्लबात जावं. मग सवयीनं ते काकूंकडे वळले. काकू बसूनच म्हणाल्या, "वर्षभर मी काही पाहिलं नाही. मला विचारू नका."

मग एकेकजण बोलला. भुऱ्या म्हणाला, मी तयार आहे, पण एकटा येऊन काय करू? त्याच्या पलीकडचा उंच गडी म्हणाला, माझंही तेच, पण बाकीच्यांचा दम राहिला असेल का? तिसऱ्यानं तेच सांगितलं, जरा वेगळ्या शब्दांत. मी ऐकत होते आणि मला कळेना, हे सगळे असं का बोलताहेत.

कारण माझी खोली पोटमाळ्यावर होती. खिडकीखालीच मैदानाची मागची बाजू, जिथे ओढ्याकाठच्या झुडपांत कुंपणाला एक फट होती. वर्षभर मी त्या खिडकीशी बसून काम करत होते. भुऱ्या त्या फटीतून यायचा, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन धावायचा, आणि आल्या वाटेनं निघून जायचा. उंच गडी कंटेनरच्या भिंतीवर चेंडू मारत राहायचा. कुणी एकटा, कुणी भावाला घेऊन, ज्याची त्याची वेळ वेगळी. फाटकाला कुलूप असताना आत शिरणं नियमात बसत नव्हतं, म्हणून प्रत्येकजण आधी इकडे तिकडे बघायचा. चेहरे दिसले नाहीत तरी चालीवरून मी ओळखायची. हे आपलं काम नाही म्हणून मी कधी कुणाला, अगदी काकूंनाही, बोलले नव्हते. शिवाय मला वाटलं होतं, त्यांना एकमेकांचं ठाऊक असेलच.

मी काकूंकडे वाकून जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "काकू, हे सगळे येतात. इथेच. मागच्या कुंपणातून. मी रोज बघते."

काकूंनी वळून पूर्णपणे माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला मास्कमुळे नीट सांगता येणार नाही, पण त्यांचे खांदे खाली आले, खूप वेळ जड पिशवी धरलेल्या माणसानं ती खाली ठेवावी तसे. मला वाटलं, आता त्या उठतील आणि आपल्या ठाम डचमध्ये सांगतील. त्यांचं सगळे ऐकायचे. माझा आवाज तर तिथल्या निम्म्या लोकांनी ऐकलाही नव्हता.

पण काकू उठल्या नाहीत. "मी नाही पाहिलं," त्या म्हणाल्या. "तू पाहिलंस. तू सांग."

योस्टराव म्हणत होते, बंद करण्याच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा. पुढच्या रांगेत एक हात अर्धा वर आला. तो भुऱ्याचा होता. मी उठले. खुर्ची मागे पडली. जमवलेलं सगळं डच डोक्यातून गेलं, मग इंग्रजीतच बोलले, आणि सगळ्यांत आधी अध्यक्षांकडेच बघून बोलले, कारण किल्ली त्यांच्याकडेच असली तरी फाटक रस्त्यावरून दिसतं म्हणून तेही फटीतूनच यायचे, आणि वाकून शिरताना त्या गुडघ्यामुळे त्यांनाच सगळ्यांत जास्त त्रास व्हायचा.

"योस्ट, तुम्ही मंगळवारी संध्याकाळी येता. भुऱ्या सकाळी येतो. हे दुपारी, ते शनिवारी. वर्षभर इथे कुणी खेळायचं थांबलेलंच नाही. तुम्ही फक्त एकाच वेळी आला नाहीत."