प्रेंटिसबाईंच्या बागेतला प्रवेश

नोझुकोला पोर्ट एलिझाबेथ शहरात राहायचं तर कुणाची तरी मोलकरीण असणं भाग होतं. वर्णभेदाचा काळ; खेड्यातून आलेल्या काळ्या बाईच्या पासावर, म्हणजे शहरात राहण्याच्या परवान्यावर, गोऱ्या मालकिणीने महिन्याच्या महिन्याला सही केली, तरच तिला शहरात थारा. नाटक लिहिते म्हणून कुणी तिला राहू देणार नव्हतं. म्हणून आठवडाभर ती मिसेस प्रेंटिसच्या घरची ‘नॅन्सी’ असायची, आणि रविवारी न्यू ब्रायटन या काळ्यांच्या वस्तीतल्या चर्चच्या हॉलमध्ये, स्वतःच्याच नाटकात, गोरी मालकीण व्हायची.

डोक्यावर लेसचा रुमाल, हनुवटी वर, कप धरलेल्या हाताची करंगळी ताठ. वस्ती हसून हसून लोळायची. तिच्या मोलकरणीचं काम करायचे शाळेतले वेलिले मास्तर. आधी ते अडून बसले होते.

“पोरांना रोज सांगतो, शिका, नाहीतर लोकांची भांडी घासाल. आणि मीच ॲप्रन बांधू?”

“बांधा मास्तर,” नोझुको म्हणाली होती. “गोऱ्यांच्या घरी तुम्हालाही मागच्याच दाराने जावं लागतं.”

त्या हिवाळ्यात गोऱ्यांच्या कॉलेजातल्या मुलांनी प्रयोग ठेवला. नोझुको रंगमंचावर आली आणि तिसऱ्या रांगेत तिला मिसेस प्रेंटिस दिसल्या. पण मास्तर समोर ट्रे घेऊन उभे होते, पुढचं वाक्य तिचंच होतं. तिने हनुवटी वर केली. प्रेंटिसबाई डोळे पुसत हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून स्वयंपाकघरात आल्या. “नॅन्सी, एवढी गुणाची आहेस, कधी बोलली नाहीस ती. आणि ती बाई कोण, ते मी लगेच ओळखलं हं.”

नोझुकोच्या हातातली बशी हातातच राहिली.

“आपली कोपऱ्यावरची मार्गरेट. अगदी हुबेहूब. गुरुवारी येतेय ती चहाला. तिच्यासमोर थोडं करून दाखव.”

त्याच आठवड्यात गावाहून निरोप आला. जिने नोझुकोला लहानाची मोठी केली ती मावशी वारली होती. नोझुको तिला आईच म्हणायची. तिने सुट्टी मागितली.

“तुझी आई मागच्या वर्षीच गेली ना?” प्रेंटिसबाई म्हणाल्या. “तुम्हा लोकांना आया असतात तरी किती? गुरुवारी माझ्याकडे माणसं यायची आहेत, नॅन्सी.”

महिना संपत आला होता, सही व्हायची होती. नोझुको गेली नाही. मावशीला तिच्याविना पुरलं.

गुरुवारी बागेत केक कापून झाल्यावर बाईंनी तिला पुढे बोलावलं. नोझुकोने रुमाल डोक्यावर घेतला. करंगळी ताठ झाली तशा पाहुण्या हसायला लागल्या. जी ती शेजारणीकडे बोट दाखवत होती. मार्गरेटबाईंनी प्रेंटिसबाईंना कोपराने ढोसलं. वस्तीत ज्या वाक्यावर लोक हसता हसता गप्प व्हायचे, त्यावर इथे टाळ्या पडल्या. आपलं नाटक यांना केकबरोबर गोड लागतंय, हे नोझुकोला सहन होईना. आणि नाटकात नसलेलं वाक्य तिने त्याच आवाजात, सावकाश म्हटलं.

“तुम्हा लोकांना आया असतात तरी किती? गुरुवारी माझ्याकडे माणसं यायची आहेत, नॅन्सी.”

मार्गरेटबाई सगळ्यात मोठ्याने हसल्या. प्रेंटिसबाई हसल्या नाहीत.

महिनाअखेरीला त्यांनी सही केली. आवाज चढवला नाही. पेनाचं टोपण लावताना एवढंच म्हणाल्या, “यापुढे मला रविवारीही तू लागशील.”

मालकिणीची भूमिका वेलिले मास्तरांकडे गेली, मोलकरणीची त्यांच्या एका विद्यार्थिनीकडे. नोझुकोने नाटकात नवा प्रवेश रचला, मावशीचा. तो न्यायला ते रविवारी सकाळी मागच्या फाटकाशी आले. ती बटाटे सोलता सोलता म्हणून दाखवत होती, ते पाठ करत होते.

“मालकीण तसं बोलल्यावर ती मोलकरीण काय करते, सिसी?” बहिणीला म्हणतात तसं मास्तर तिला सिसी म्हणायचे.

“चहा ओतते.”

“मग शेवट?”

“तोच सुचत नाही, मास्तर. काम सोडलं तर शहर सुटतं. नाही सोडलं तर आहेच हे.”

आतून घंटी वाजली. ती हात पुसत गेली.

मास्तरांनी प्रयोग तसाच केला; मोलकरीण चहा ओतत असतानाच दिवे घालवले. पुढच्या रविवारी त्यांनी फाटकाशी येऊन तिला सांगितलं, दिवे लागल्यावर कुणी उठलंच नाही. लोक पुढचं काय म्हणून बसून राहिले होते.