साडूंच्या घरची टकीला

देवाने माणसाला बाकीचे अवयव निव्वळ नाकाची सोय म्हणून दिले आहेत, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मूळचे नाशिकचे. इकडे कतारमध्ये गॅसच्या प्लँटवर इंजिनिअर, राहायला अल खोरला. नवा शर्ट अंगाला लावून बघण्याआधी ते नाकाला लावत. आमच्या मुऐदरच्या घरात पाऊल टाकलं की चपला काढता काढता माझ्या बायकोला म्हणत, "हिंगाची नवी डबी फोडलीस वाटतं." ती खरोखरच फोडलेली असे. बाजारात एकेक खरबूज उचलून डोळे मिटून हुंगत उभे राहत, तेव्हा मल्याळी दुकानदार कंटाळून म्हणायचा, "साब, यल्ला! खरीदना है या पूजा करना है?" साडू शांतपणे ते खरबूज खाली ठेवून पुढचं उचलत.

कंपनीने एकदा त्यांना कामासाठी मेक्सिकोला धाडलं. काम पंपांचं होतं. पण सुट्टीच्या दिवशी कुणीतरी त्यांना टकीलाच्या कारखान्यात नेलं आणि तिथून परत आला तो इंजिनिअर नव्हता, कीर्तनकार होता. त्यानंतर त्यांच्या घरी टकीला प्यायला मिळण्याआधी ऐकावी लागे. कुणी चुकून "निवडुंगाची ना?" असं म्हणालं की संपलंच. "निवडुंग नव्हे हो! आपल्याकडे बांधावर घायपात असतं ना, त्याची निळी चुलत बहीण." मग ते झाड सात-आठ वर्षं कसं वाढवतात, पानं छाटल्यावर अननसासारखा भलाथोरला गड्डा कसा उरतो, तो भट्टीत मंद भाजून, पिळून, रस आंबवून, दोनदा वाफेवर कसा गाळतात, हे सगळं हातवाऱ्यांसह होई. लगेच बाटलीत भरली ती पांढरी, काही महिने ओकच्या पिंपात विसावली ती सोनेरी, आणि वर्षाच्या वर मुरली ती तपकिरी, आन्येहो. एवढं होईपर्यंत भजी गार झालेली असत. तरी कुणी धीर करून लिंबू-मीठ मागितलंच, तर साडू काळजीने विचारत, "पोट बिघडलंय का? सरबत करून देऊ?"

माझ्या वाट्याला मात्र कायम कीर्तनच आलं, प्रसाद नाही. इथे गाडी चालवणाऱ्याच्या पोटात थेंबसुद्धा चालत नाही, आणि अल खोरहून मुऐदर काही जवळ नाही. मुक्काम करावा, तर जमायचं शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, आणि आमच्या इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपला शनिवारची सुट्टी नव्हती. त्यामुळे ते माझ्या हातात नुसता पेला देत, हुंगण्यापुरता. एकदा मी भीत भीत म्हणालो, "रताळ्यासारखा वास येतोय." साडूंचा चेहरा पडला. "रताळं? अहो, हे काय एकादशीचं फराळाचं ताट आहे?" पण जीव होता त्यांचा माझ्यावर. सगळं कीर्तन शेवटपर्यंत शुद्धीत ऐकणारा मी एकटाच होतो ना! म्हणून परमिटच्या दुकानातून आणलेली एक उंची आन्येहो त्यांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली होती. कुणी कितीही गळ घातली तरी ती फुटत नसे. "ती साडूभाऊ मुक्कामाला येतील तेव्हा," एवढंच उत्तर. मी येता-जाता तिच्याकडे बघायचो आणि म्हणायचो, "मुरू दे अजून." त्यावर ते चिडत. "मुरायचं ते पिंपात! बाटलीत भरली की तिचं वय थांबलं."

मग कोरोना आला, गेला, आणि पुढे काही वर्षांनी त्यांच्या फायनल एक्झिटची तारीख लागली. कतार कायमचं सोडून जायचं म्हटल्यावर मी सरळ रजा टाकली आणि आम्ही दोघं मुक्कामाला गेलो. बाजारातून परतताना दारातच भेटलेल्या मेहुणीने दार उघडलं तर घरभर करपलेल्या दुधाचा वास, आणि ओट्याशेजारच्या खुर्चीत साडू मजेत पेपर वाचत बसलेले. मेहुणीने धावत जाऊन गॅस बंद केला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावोजी, त्या कोरोनाच्या आजारपणात गेला तो वास परत आलाच नाही त्यांना. कुणाला सांगायचं नाही म्हणालेत." मला एकदम आठवलं, गेल्या कित्येक भेटींत हिंगाबद्दल ते काहीच बोलले नव्हते. आम्हाला वाटलं होतं, वयाने शहाणे झाले.

संध्याकाळी अर्धवट बांधलेल्या खोक्यांमध्ये बसून त्यांनी ती बाटली काढली. मला हायसं वाटलं, की आता कीर्तन सुरू होईल. पण ते झालं नाही. त्यांनी दोन पेले भरले, सवयीने स्वतःचा पेला नाकाशी नेला, आणि तसाच खाली ठेवला.

"हं, सांगा साडूभाऊ. कसला वास येतो?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं; कसला वास यायला हवा, ते तेच सांगत. मी घाईघाईने म्हणालो, "व्हॅनिला. थोडी दालचिनी. ओलं लाकूड."

"ते माझं पाठ करून ठेवलेलं झालं. तुमचं सांगा."

मी पुन्हा पेला हुंगला. "रताळं," मी म्हणालो. "भाजलेलं."

ते हसले नाहीत. "कशावर भाजलेलं? गॅसवर की चुलीत?"

"चुलीत. राखेत पुरून. साल जरा जळलीय."

"आणि आत?"

"आत पिवळं. गोड. पाक सुटलाय."

"हां," ते म्हणाले आणि खरबूज हुंगताना मिटायचे तसे त्यांनी डोळे मिटून घेतले. फार वाईट वाटलं मला. बाटलीतल्या टकीलाचं वय थांबलं होतं, आमचं कुठे थांबलं होतं? एखादा शनिवार सुट्टी असती तर, असं आजही मनात येतं. मी पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडताच माझा हात धरला.

"थांबा हो, घाई काय आहे? अजून सांगा."